चाकाचा फेरा आणि वाफेचा ठोका : छोट्या इंजिनांच्या आवाजाविषयी

मंडळी, आवाजाचा डिकोडर (आज्ञा ओळखून मोटर आणि आवाज चालवणारी चिप) असलेलं एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचं, वाफेच्या इंजिनाचं मॉडेल घरी आलं की पहिल्या काही दिवसांतच तीन तक्रारी सुरू होतात. आवाज डबीत अडकलेल्या माशीसारखा येतो. सांध्यावरून, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथून, जाताना तो तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि चाकं एका तालात फिरतात, भकभक भलत्याच तालात चालते. तिन्हींचं खापर चिपवर फुटतं आणि माणूस त्याहून महाग चिप घेऊन येतो. तक्रारी मात्र तशाच राहतात, कारण मुळात दोष बहुधा दुसरीकडे असतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी वीज, मग स्पीकरचा डबा, मग ठोक्यांचा हिशेब. चिप बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

आधी खऱ्या इंजिनाकडे बघू. दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन्ही बाजूंनी वाफ घेतो, आणि डावी-उजवी बाजू एकमेकींपासून ९० अंशांवर बसवलेली असते. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार ठोके निघतात. तीन सिलिंडर १२० अंशांवर असले तर सहा. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ तीन सिलिंडरचं आहे, जर्मनीचं ४४ वर्गाचं मालगाडीचं इंजिनही तीन सिलिंडरचं. चार सिलिंडर म्हणजे आठ ठोके असा हिशेब मात्र करू नका. ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ‘कासल’ इंजिनांत चार सिलिंडर असूनही ठोके चारच, कारण ते जोडीजोडीने एकाच वेळी वाफ सोडतात. ब्रिटनच्याच सदर्न रेल्वेच्या ‘लॉर्ड नेल्सन’ वर्गात क्रँक १३५ अंशांवर ठेवले होते, तिथे आठ मिळतात. डिकोडरमध्ये आवाजाची फाइल चढवण्यापूर्वी एवढं तरी पाहून घ्या. तीन सिलिंडरच्या इंजिनात चार ठोक्यांची फाइल घातली तर पुढे कितीही सेटिंग करा, जाणकाराच्या कानाला ते खटकणारच.

आता आपल्या ओळखीच्या इंजिनाचं गणित करू. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूपी : ४-६-२ (पुढे चार छोटी, मधे सहा चालक आणि मागे दोन छोटी चाकं), दोन सिलिंडर, चालक चाकाचा व्यास ६७ इंच, म्हणजे साधारण १.७ मीटर. १:८७ मापात ते चाक १९.५ मिमीचं होतं आणि त्याचा परीघ ६१ मिमीच्या आसपास येतो. त्याला चाराने भागा : इंजिन सुमारे १५ मिमी पुढे सरकलं की एक ठोका. खऱ्या वेगात ताशी १० किमीला सेकंदाला दोन ठोके पडतात, ताशी ६० किमीला साडेबारा. साडेबारा कोणी मोजू शकत नाही, तिथे कानाला नुसती एकसलग घरघर ऐकू येते. याचा अर्थ, ठोका आणि चाक यांचा मेळ जिथे पकडला जातो तो वेग म्हणजे स्टेशनातून सुटण्याचा आणि शंटिंगचा. सगळी मेहनत तिथेच करायची, वरच्या वेगाच्या मागे लागू नका.

वीज. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला आज्ञा देण्याची पद्धत) रुळांवर साधारण १४-१५ व्होल्टचा चौकोनी लाटेचा प्रवाह सतत असतो आणि आज्ञाही त्यातूनच येतात. क्षणभर संपर्क तुटला तर मोटर जडत्वाने पुढे सरकते, पण आवाजाचा प्रोसेसर बंद पडतो आणि परत चालू झाला की पहिल्यापासून सुरुवात करतो. वाफेच्या इंजिनात हे जास्त घडतं. पुढची-मागची छोटी चाकं बहुतेकदा वीज घेत नाहीत, चालक चाकांपैकी एका जोडीवर रबरी टायर असतो, आणि प्लास्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) उरलेली एक-दोन चाकंही निकामी होतात. यावर खरा उपाय म्हणजे टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या) सगळ्या चाकांवरून वीज घेणं. फॉस्फर ब्राँझची ०.३ मिमीची तार चाकाच्या मागच्या बाजूला हलकीच टेकवायची. जोर जास्त झाला तर टेंडर ब्रेक लागल्यासारखं ओढत राहतं.

त्यानंतर कीप-अलाइव्ह, म्हणजे संपर्क तुटला तरी डिकोडर चालू ठेवणारा विजेचा साठा. २.७ व्होल्टचे एक फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर एकामागे एक जोडले की १६.२ व्होल्ट झेपणारा ०.१६ फॅरडचा साठा तयार होतो. इंजिन १५० मिलीअँपिअर खात असेल तर १३ व्होल्टवरून ६ व्होल्टवर यायला त्याला सात सेकंदांहून जास्त लागतात. हा साठा नुसता जोडायचा नाही. १०० ओहमचा रेझिस्टर चार्जिंगच्या वाटेत टाका आणि त्याच्या समांतर एक डायोड, म्हणजे भरताना प्रवाह हळू आणि देताना मोकळा. रेझिस्टर नसेल तर अशी चार-पाच इंजिनं एकदम रुळावर आली की बूस्टरला (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राला) शॉर्टसर्किट झाल्यासारखं वाटतं आणि तो ट्रिप होतो. उलट, सात सेकंदांचा साठा मोकाट सोडला तर रुळावरून घसरलेलं इंजिनही सात सेकंद चालत राहतं. ईएसयू कंपनीच्या डिकोडरमध्ये सीव्ही ११३ ने (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) ही मुदत ठरवता येते. एक आकडा म्हणजे सुमारे ०.०३२ सेकंद, तेव्हा १६ लिहिलं की अर्धा सेकंद. घरच्या सांध्यांना अर्धा सेकंद पुरतो.

इंजिनात डिकोडर स्वतः बसवणार असाल तर रुळावर ठेवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. मोटरची दोन्ही टोकं आणि इंजिनाचा सांगाडा यांच्यात संपर्क शून्य हवा. जुन्या मॉडेलमध्ये मोटरचा एक ब्रश थेट सांगाड्याला टेकलेला असतो. ते लक्षात आलं नाही तर रुळाचा प्रवाह सरळ डिकोडरच्या मोटर-आउटपुटमध्ये शिरतो आणि डिकोडर जातो. मग मोटरचा अडलेला प्रवाह मोजा : १२ व्होल्ट डीसी द्या, अँपिअर मोजणारं मीटर मालिकेत ठेवा आणि मोटर क्षणभर हाताने अडवून आकडा बघा. नव्या बंद मोटरी एक अँपिअरच्या आत राहतात, जुन्या उघड्या मोटरी दोनच्या वर जातात. डिकोडरची मर्यादा याहून कमी असेल तर मोटर बदला. मोटरवर रेडिओचा त्रास टाळण्यासाठी लावलेले छोटे कपॅसिटर असतील तर काढून टाका. डिकोडर मोटरचा उलटा व्होल्टेज मोजून वेग ओळखतो, आणि ते कपॅसिटर त्या मापात गोंधळ करतात.

तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरच्या, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी सामाईक धन. इंजिन आणि टेंडर यांच्यामध्ये सहा तारा सहज लागतात : दोन मोटरच्या, दोन विजेच्या, दोन दिव्याच्या. इथे केसासारखी बारीक, मऊ तारच वापरा. जाड तारेचा पुंजका वळणावर टेंडरची पुढची चाकं उचलतो. मग टेंडर घसरतं, शिवाय वीजही तुटते, आणि आपण रूळ घासत बसतो.

पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग रुळावर, म्हणजे सेटिंग लिहिण्या-वाचण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर. तिथे प्रवाह मर्यादित असल्यामुळे चूक असली तरी डिकोडर वाचतो. एक ध्यानात ठेवा : आकडा मिळाल्याची पोच डिकोडर मोटरला क्षणभर प्रवाह देऊन कळवतो, निदान ६० मिलीअँपिअर. त्यामुळे मोटर जोडलेलीच नसेल तर डिकोडर चांगला असूनही वाचता येत नाही, आणि माणूस डिकोडर परत पाठवतो.

स्पीकर. ११ गुणिले १५ मिमीचे छोटे स्पीकर आज सर्रास मिळतात आणि चांगले असतात. पण उघडा स्पीकर हातात धरून वाजवा आणि मग त्याच्या पाठीमागे डबा दाबून धरा. तोच स्पीकर, तीच चिप, आणि आवाज एकदम भरदार होतो. कारण सोपं आहे. पडदा पुढे सरकला की पुढे दाब आणि मागे पोकळी तयार होते, आणि डबा नसेल तर दोन्ही लाटा कडेने वळून एकमेकींना खाऊन टाकतात. खालचे सूर आधी जातात, उरते ती फुसफुस. डबा एक मिमीच्या स्टायरिन पत्र्याचा करा, टेंडरमध्ये मावेल तेवढा मोठा. सांधे चिकटवल्यावर आतून पांढऱ्या गोंदाचा पातळ हात फिरवा, आणि तारा बाहेर येतात ते भोक विसरू नका. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी बास गेला. स्पीकर हाताळताना पडद्यावर सोल्डरचा थेंब किंवा लोखंडाचा कीस पडू देऊ नका. आतलं चुंबक कीस ओढून घेतं आणि नंतर करकर आयुष्यभर ऐकावी लागते.

ओहमची बाजू अशी. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर चार, मालिकेत जोडले तर सोळा. डिकोडरच्या पत्रकात किमान आकडा छापलेला असतो, त्याखाली जाऊ नका. दोन स्पीकर असतील तर दोन्हींची धन टोकं एकाच बाजूला ठेवा, नाहीतर एक पुढे आणि एक मागे जाऊन पुन्हा तीच खाऊन टाकण्याची गत.

आता ठोके जुळवू. सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे चालक चाकाच्या आसावर छोटी चुंबकं आणि शेजारी हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेलं की खूण देणारा). दोन सिलिंडरच्या इंजिनाला चार चुंबकं. ईएसयूमध्ये सीव्ही ५७ शून्य केला की ठोका सेन्सरवरून येतो आणि सीव्ही ५८ मध्ये किती खुणांमागे एक ठोका ते लिहायचं. पण एचओच्या बऱ्याच इंजिनांत सेन्सरला जागाच नसते. अशा वेळी चाकाच्या एका आऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, इंजिन वेगाच्या पहिल्या पायरीवर चालवा, आणि मोबाइलवर मंदगती चित्रफीत काढून एका फेऱ्यातले ठोके मोजा. सीव्ही ५७ चा आकडा वाढवला की ठोके लांबतात. तो बसला की मधल्या वेगाला सीव्ही ५८. साउंडट्रॅक्स कंपनीच्या त्सुनामी डिकोडरमध्ये हेच काम सीव्ही ११६ करतो. हे करण्याआधी मोटरचं जुळवणं उरकून घ्या : ईएसयूच्या लोकसाउंड डिकोडरमध्ये सीव्ही ५४ शून्य करून कंट्रोलरवरचं एफ १ बटण दाबलं की इंजिन स्वतः धावून मोजमाप घेतं, तेव्हा पुढे दीड-दोन मीटर रूळ मोकळा ठेवा. दर फेऱ्याला एक ठोका लंगडत असेल तर सेटिंगला हात लावू नका. जोडदांडा कुठेतरी अडतोय किंवा चाकांचा ९० अंशांचा कोन बिघडलाय.

शेवटी कुठले आवाज ठेवायचे ते. अमेरिकन फाइलमध्ये थांबलेल्या इंजिनाचा हवेचा पंप धडधडत असतो. अमेरिकन इंजिनाला तो शोभतो, डब्ल्यूपीला नाही. १९४७ मध्ये पहिली १६ डब्ल्यूपी बाल्डविनने बनवली असली तरी भारतात गाड्यांचे ब्रेक व्हॅक्यूमचे होते आणि व्हॅक्यूम इजेक्टरने, म्हणजे वाफेच्या झोताने हवा ओढून, तयार होत असे. म्हणून पंपाचा आवाज शून्यावर आणा आणि इजेक्टरची सलग फुस्स असलेली ब्रिटिश फाइल शोधा. (बाकी डब्ल्यूपी १६.५ मिमीच्या रुळावर चालवताना आपण आधीच तडजोड केलेली असते. आपला ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मिमी होतो.) शिट्टीही त्या-त्या देशाची हवी, आणि वाजवायची पद्धतही : अमेरिकेत फाटकाआधी दोन लांब, एक आखूड, एक लांब.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते आवाजाच्या पातळीकडे. लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३, त्सुनामीत १२८. एकच इंजिन टेबलावर असताना बरी वाटणारी पातळी चार इंजिनं आल्यावर असह्य होते. खोलीत नेहमी जितकी इंजिनं चालतात तितकी सगळी रुळावर ठेवा, निम्म्याखाली सुरुवात करा, आणि तीन मीटरवरून बोलणं न ओरडता ऐकू येईल तिथे थांबा. मग शिट्टी आणि घंटा वेगळ्या सीव्हींनी ठोक्यांच्या तुलनेत थोड्या वर घ्या. त्सुनामीत शिट्टी १२९, घंटा १३० आणि ठोके १३१.