थायरॉईडची गोळी आणि शुगरचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. निपाणीपासून खानापूरपर्यंत कितीतरी घरांत सकाळी थायरॉईडची बाटली आणि शुगरच्या गोळ्यांची डबी शेजारी शेजारी उघडतात. थायरॉईड कमी असणाऱ्यांची थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, महिन्या-दोन महिन्यांत शुगर चढली, की माणूस स्वतःलाच बोल लावतो, "सणात गोड जास्त झालं." दर वेळी दोष गोडाचाच असतो असं नाही.

थायरॉईड कमी असतो तेव्हा शरीराचा कारभार मंदावतो. आतड्यातून साखर सावकाश शोषली जाते, यकृत रक्तात साखर कमी सोडतं आणि इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. त्यामुळे थोड्या औषधातही शुगर आटोक्यात राहते. गोळीने हा कारभार पूर्ववत झाला की जुना डोस अपुरा पडू शकतो. म्हणून थायरॉईडची गोळी सोडायची नाही. शुगरचं औषध डॉक्टरांकडून जुळवून घ्यायचं. थायरॉईड वाढलेल्यांचं उलट होतं. कार्बिमॅझोलने थायरॉईड उतरतो तशी शुगरही उतरू शकते, आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलं तर ती फार खाली जाते.

गोळी सुरू झाल्यावर किंवा तिचा डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवडे वही ठेवा. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची शुगर, आणि शेजारी गोळी 25ची की 50 मायक्रोग्रॅमची, हे तारखेसह लिहा. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, पुन्हा करतात ती साधारण याच सुमाराला, तेव्हा ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. नुसत्या तीन महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे एचबीए1सीवर, विसंबू नका. थायरॉईड कमी असताना नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच जास्त उरतात, म्हणून तो आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो.

आता सकाळचा क्रम. खरी चूक इथंच होते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची म्हणून काही जण त्याच घोटाबरोबर ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी गिळतात किंवा इन्सुलिन टोचून घेतात, आणि मग तासभर काही खात नाहीत. शुगर कोसळते ती याच तासात. समजा, सहाला थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घेतली. चहासुद्धा लगेच नको, दूधही नको. तीस-सत्तरचं साधं मिश्र इन्सुलिन असेल तर ते साडेसहाला, आणि सातला भाकरी किंवा उप्पीट. ग्लिमेपिराइड घ्यायची ती नाश्ता समोर आल्यावर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही.

हात थरथरणं, घाम, छातीत धडधड ही लक्षणं शुगर उतरल्यावर होतात, तशीच थायरॉईडचा डोस जास्त झाल्यावरही होतात. ग्लुकोमीटरवर बघा. 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन नसेल तर आधी साखर. घरात कुंदा असला तरी या वेळी तो नको; त्यातल्या दुधाच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. शुगर ठीक असूनही धडधड थांबत नसेल, तर थायरॉईडचा डोस तपासून घ्यायला हवा.

ऊसतोडीला किंवा पहाटेच्या एसटीने कामाला जाणाऱ्यांनी साखरेची पुडी खिशात किंवा पदराच्या गाठीला ठेवावी, आणि इन्सुलिन घेतल्यावर न खाता घराचा उंबरा ओलांडू नये.