जिन्याखालचा 'चाइम'

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे दोघा भावांविषयी. थोरला फिल हार्टनॉल, जन्म १९६४. धाकटा पॉल, जन्म १९६८. घर इंग्लंडमधल्या केंटमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या या जोडीचं नाव ऑर्बिटल. लंडनभोवती वळसा घालणाऱ्या एम २५ महामार्गावरून हे नाव आलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस चोरट्या पार्ट्यांना माणसं याच रस्त्याने धावायची, आणि पार्टीचा पत्ता ऐनवेळी कळायचा. गोव्यातल्या हणजूण-वागातोरकडच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर १९८९ साल. आईवडिलांच्या घरात जिन्याखालची खोली, म्हणजे आपल्याकडे जिथे जुन्या चपला आणि नारळ टाकतात ती जागा. तिथे कीबोर्ड, तालाची यंत्रं, सॅम्पलर. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा साठवून हव्या त्या सुरात पुन्हा वाजवणारं यंत्र. तुकडे कुठले? वडिलांच्या जुन्या तबकडीतले! पॉलने ते जुळवले, घंटेसारखा किणकिणणारा एक फेरा तयार झाला. तिकडे मित्र पबला जायला ताटकळलेले. मग रेकॉर्डिंग कशावर करायचं? वडिलांच्या कॅसेट डेकवर.

आता लक्ष द्या, कॅसेट डेकवर. एका बाजूला दोनच ट्रॅक, डावा आणि उजवा. सगळी वाद्यं मिक्सरमधून आधीच मिसळून आत जातात. ढोल मोठा झाला तर नंतर एकटा ढोल कमी करता येत नाही. पातळी फार ठेवली तर आवाज फाटतो, कमी ठेवली तर फितीची खरखर वर येते. म्हणजे कुठला आवाज कधी आणायचा, कधी घालवायचा, ते सगळं यंत्रं चालू असतानाच हातांनी करायचं. चुकलं की फीत मागे नेऊन पहिल्यापासून. पॉलने ते केलं आणि मंडळी पबला गेली. खर्च एका कॅसेटचा.

ती रचना म्हणजे 'चाइम'. डीजे जॅझी एमने ती डिसेंबर १९८९मध्ये आपल्या छोट्या लेबलवर काढली, काही महिन्यांनी मोठ्या कंपनीने उचलली आणि १९९०मध्ये ती ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १७व्या क्रमांकावर गेली. एका कॅसेटच्या खर्चात १७वा क्रमांक! बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात बोलावणं आलं, तर हे दोघे सरकारच्या पोल टॅक्सविरोधी, म्हणजे डोईपट्टीविरोधी टीशर्ट घालून उभे.

फितीवरून आठवलं. हणजुणला त्या काळात पार्ट्यांत तबकड्यांऐवजी डॅट टेप, म्हणजे डिजिटल आवाजाच्या छोट्या कॅसेट वाजायच्या, कारण उन्हाने तबकडी वाकते. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना डॅटचा वेग जुळवता येत नाही, म्हणून गाण्यांना लांबलचक सुरुवात आणि शेवट. बाकी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून आहे. तो किनाऱ्यावर कोण पाळतो, मला दाखवा. खर्जाचा आवाज भिंतीला जुमानत नाही, मैलभर आत झोपलेल्याला उठवतो.

असो. मंचावर हे भाऊ काय करत? त्यांच्याकडे अलेसिसची एमएमटी ८ नावाची यंत्रं होती. प्रत्येकावर आठ ट्रॅकची आठ बटणं. ताल, खर्ज, सूर असे तुकडे आधी भरून ठेवायचे, ते गोल फिरत राहतात. बटण दाबलं की तो ट्रॅक गप्प, पुन्हा दाबलं की हजर. भजनात बुवांच्या खुणेसरशी टाळ थांबून नुसता पखवाज उरतो ना, तसं. त्यामुळे गर्दी पाहून एकच गाणं लांबवता येई, आखडता येई. आठ बटणं, पण खेळ मोठा. मंचावर अंधार, बटणं बारीक, हात दोन्ही गुंतलेले. म्हणून चष्म्याच्या दोन्ही कडांना छोटे टॉर्च बसवले. लोकांना ती फॅशन वाटली.

१९९४च्या ग्लास्टनबरी महोत्सवाने त्यांचं नाव घरोघरी नेलं. १९९६च्या 'इन साइड्स' अल्बममधली एक रचना ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या सौर जनित्रावर चालवून ध्वनिमुद्रित केली होती. 'हॅल्सियन'चा संबंध तर थेट घराशी: त्याच नावाच्या झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेल्या आईसाठी ती रचना. २००४मध्ये जोडी फुटली, २००९मध्ये पुन्हा मंचावर आली, २०१४मध्ये परत थांबली, २०१७मध्ये परत एकत्र. २०२३मध्ये 'ऑप्टिकल डिल्युजन' हा अल्बम आला. आता 'चाइम' लावतो. सुरुवातीला किणकिण ऐका, मग तिच्याखाली ढोल कधी शिरतो ते पकडा.