साडेतीन हजार मीटर उंचीवरचा पाव

नमस्कार श्रोतेहो. लेहच्या जुन्या बाजारात जामा मशिदीच्या मागे नानवाल्यांची एक गल्ली आहे आणि तिथले तंदूर आजही लाकडावर पेटतात. 2019 साली श्रीनगरहून लेहपर्यंत उच्च दाबाची वीजवाहिनी पोहोचली. तरीही दूरच्या खोऱ्यांत सौरविजेवर दिवा लागतो, मोबाईल चार्ज होतो, पण विजेचा ओव्हन तापत नाही. अशा ठिकाणी पाव भाजायचा तर मातीविटांची भट्टी हवी. ती कशी पेटवावी याची चिंता सगळेच करतात, परंतु माझ्या मते तिथला पाव बिघडतो तो भट्टीत नव्हे, तर त्याआधी परातीत.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो आणि पाणी सुमारे 88 अंश सेल्सिअसलाच उकळते. लडाखला जाऊन आलेली आपली मंडळी कच्चट राहिलेल्या भाताबद्दल कुरकुरतात, त्याचे कारण हेच. भातासाठी प्रेशर कुकर आहे. भट्टीला मात्र शिटी लावता येत नाही.

दाब कमी असला की यीस्टने तयार केलेला तेवढाच वायू जवळपास दीडपट जागा व्यापतो. त्यामुळे उबदार स्वयंपाकघरात कणीक पाहता पाहता फुगते, तिच्यातले तंतू पुरेसे बळकट होण्याआधीच ताणले जातात आणि भट्टीत गेल्यावर पाव मधोमध बसतो. म्हणून यीस्ट नेहमीपेक्षा पाव ते एक तृतीयांश हिश्शाने कमी घ्यावे, आणि कणीक दुप्पट होण्याची वाट न पाहता त्याच्या थोडे आधीच गोळे वळावेत. रात्रीच्या गारठ्यात सावकाश आंबवलेल्या कणकेला चवही अधिक येते. हवा अत्यंत कोरडी असल्याने पीठ जास्त पाणी पिते. अर्धा किलो पिठाला दोनतीन मोठे चमचे पाणी वाढवावे लागते, आणि परातीवर ओले फडके नसेल तर कणकेवर पाहता पाहता खपली धरते.

आता भट्टी. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे ओलसर लाकूड नुसतेच धुमसते. पॉपलर आणि विलो ही तिथली नेहमीची झाडे; त्यांचे लाकूड हलके असते, झटकन पेटते आणि लवकर संपतेही. म्हणून बारीक फोडलेल्या, खडखडीत वाळलेल्या ढलप्या घ्याव्यात आणि भट्टीचे तोंड मोकळे ठेवावे. सुरुवातीला घुमट आतून काजळीने काळा पडतो, मात्र विटा पुरेशा तापल्या की ती काजळी जळून जाते आणि विटांचा मूळ रंग पुन्हा दिसू लागतो. याहून चांगला तापमापक मला माहीत नाही. मग निखारे ओढून काढावेत, ओल्या फडक्याने तळ पुसावा आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरेपर्यंत दार लावून ठेवावे. तळावर चिमूटभर पीठ टाकून पाहावे: लगेच काळे पडले तर थोडे थांबायचे, हळूहळू बदामी झाले तर पाव आत सरकवायचे. गोव्याचे पोदेरही लाकडाच्या भट्टीत पाव भाजतात, परंतु किनाऱ्यावरच्या दमट हवेची साथ त्यांना असते. इथे वाफ झपाट्याने निघून जाते, म्हणून भट्टी पावांनी भरून टाकावी आणि दार घट्ट बंद करावे.

पाव झाला हे ओळखण्यातही शहरी सवय दगा देते. समुद्रसपाटीला पावाचा गाभा 95 अंशांच्या आसपास पोहोचला की तो तयार झाला असे मानतात. लेहला ओलसर गाभा 88 अंशांच्या फारसा वर जाऊच शकत नाही. थर्मामीटर खुपसून 95 ची वाट पाहत बसलात, तर हाती येईल तो कडक टोस्ट. पिठातला स्टार्च त्याआधीच शिजलेला असतो, फक्त जास्तीचे पाणी निघून जायला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. पाव उलटा करून बुडाशी बोटाने टकटक करावी; पोकळ आवाज आला की तो बाहेर काढावा.

उरलेली उष्णता वाया घालवणे लडाखमध्ये परवडत नाही, कारण तिथे लाकूड दुर्मीळ आहे. पावानंतर त्याच भट्टीत डाळ किंवा मांसाचे भांडे रात्रभर मंद शिजते. ते काढल्यावर भट्टी हात घालता येईल इतकी निवाली की पुढच्या खेपेची लाकडे आत रचून ठेवावीत, म्हणजे ती पेटण्याइतकी कोरडी होतात.