थिबा राजाची नात आणि बर्मी नावांचा माग

नमस्कार, श्रोतेहो. ब्रह्मदेशातून बाहेर पडलेल्या माणसांचा आणि परदेशी रुजलेल्या त्यांच्या वंशजांचा माग कसा काढावा, हा आजचा विषय आहे. त्याची सुरुवात मी रंगूनहून करण्याऐवजी रत्नागिरीहून करणार आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली आणि तिथल्या थिबा राजाला राणी सुपयालत व दोन लहान मुलींसह आगबोटीने देशाबाहेर नेले. प्रथम मद्रास आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. जिथे रेल्वे नाही आणि पावसाळ्यात समुद्राची वाटही बंद होते, असे गाव कैद्यासाठी सरकारला सोयीचे वाटले. तिसरी राजकन्या मद्रासला जन्मली आणि चौथी रत्नागिरीत. आज थिबा राजवाडा म्हणून आपण जी लाल वास्तू पाहतो, तिथे राजा १९१० मध्ये राहायला गेला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. (थिबा पॉइंटवर सूर्यास्ताचे फोटो काढून परतणाऱ्या किती जणांनी त्याची समाधी पाहिलेली असते, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. गाडी थोडी पुढे न्यायला काय हरकत आहे?)

आता जी गोष्ट सांगायची म्हणून मी हा विषय घेतला, ती ऐका. थोरल्या राजकन्येचे मन राजाच्या दारावरील दरवान गोपाळ सावंत यांच्यावर जडले. सावंत विवाहित होते. या संबंधातून राजकन्येला एक मुलगी झाली आणि तिचे नाव टूटू ठेवले गेले. राजघराण्याला मायदेशी जाण्याची परवानगी १९१९ मध्ये मिळाली, तेव्हा थोरली राजकन्या टूटूला घेऊन रंगूनला गेली खरी, पण लवकरच मुलीसह रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये तिथेच तिचा शेवट झाला. टूटूने पवार आडनावाच्या गृहस्थाशी संसार केला. तो संसार हातावर पोट असलेला होता. गोवऱ्या थापून आणि कागदी फुले करून तिने घर चालवले, असे सांगतात. ती मराठी बोलत असे, आणि २००० साली ती वारली तेव्हा मंडालेच्या सिंहासनावर बसलेल्या शेवटच्या राजाची नात रत्नागिरीतील एका साध्या घरातून गेली होती. राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१६ मध्ये, त्याचे म्यानमारमधील वंशज समाधीच्या दर्शनाला रत्नागिरीत आले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, या वंशाचा शोध कोणी केवळ नावावरून घेऊ लागला, तर त्याला हे घर सापडणारच नाही. सावंत आणि पवार या आडनावांत ब्रह्मदेशाची खूण कुठे आहे? पुन्हा सांगतो, नावावर विसंबू नका.

कारण बर्मी माणसाला आडनावच नसते. आंग सान सू ची यांच्या नावात आंग सान हे वडिलांचे, सू हे आजीचे आणि ची हे आई खिन ची यांच्या नावातले आहे, म्हणजे एका नावात तीन माणसे आहेत आणि घराणे मात्र नाही. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांचे नाव केवळ थांट एवढेच होते, ‘ऊ’ म्हणजे आपला ‘श्री’. परदेशातील कारकुनाने शेवटचा शब्द आडनाव म्हणून लिहिला, की सख्ख्या भावांची आडनावे वेगळी होतात. १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर आणि १९६२ च्या लष्करी उठावानंतर अनेक अँग्लो-बर्मी, म्हणजे युरोपीय आणि बर्मी अशा मिश्र वंशाची, कुटुंबे ऑस्ट्रेलियाला गेली. त्यांच्या नातवंडांना हाच गोंधळ निस्तरावा लागतो.

मग शोधायचे कुठे? १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे युरोपीय आणि अँग्लो-बर्मी ख्रिस्ती कुटुंबांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या त्या काळातील नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बहुतांशी बंगालच्या दप्तरात मिळतात, आणि थिबाच्या रत्नागिरीतील वास्तव्याची सरकारी कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. म्हणजे माणूस जिथून निघाला तिथले दप्तर नव्हे, जिथे उतरला तिथले दप्तर आधी पाहावे.

एक धागा मात्र नावातही उरतो. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात, तसे बर्मी लोक जन्मवारावरून काढतात. सोमवारला क-वर्ग, मंगळवारला स आणि झ, शनिवारला त-वर्ग, रविवारला स्वर. सगळेच हे पाळतात असे नाही, पण आजीचा वार घरात कोणाला आठवत असेल, तर नोंदवहीची कोणती पाने आधी उघडावीत हे ठरवता येते. त्या हिशेबाने टूटू हे शनिवारचे नाव ठरते. रत्नागिरीत ते लाडाचे नाव म्हणून सहज खपून गेले असेल.