भिंतीतला आपला वाटा

(नागपुरातील एका तरुण संघाच्या मेळाव्यात निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण, संपादित स्वरूपात.)

जय ख्रिस्त!

पाळकसाहेबांनी मला विषय दिलाय, चिकाटी. माझं आयुष्य वॉर्डात गेलं, तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

बेशुद्ध रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एकाच अंगावर पडून राहिला की हाडाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर जखम होते. ती भरता भरत नाही. म्हणून कूस वळवायची, पाठ कोरडी करायची, चादर ताणून खोचायची. एक चुणी राहिली तरी ती कातडीला काचते. रात्री तीन वाजता हे बघायला कुणी येत नाही. कूस न बदलताही चार्टवर ‘बदलली’ असं लिहिता येतं. रुग्ण आभार मानत नाही, त्याला काही कळतच नसतं. आणि इतकं करून दिसायला काय उरतं? काहीच नाही. जखम झाली नाही, एवढंच.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे त्यानं दासांना लिहिलंय, ज्यांना काम निवडायची मुभाच नव्हती त्यांना. आणि याचा आधार घेऊन कुणी तुम्हाला राबवून घेत असेल, तर त्याला पुढच्या अध्यायाचं पहिलंच वचन वाचून दाखवा. तिथे मालकांना बजावलंय, दासांशी न्यायानं वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. दोन्ही वचनं एकत्रच वाचायची.

आता जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडा. नुसती नावं आहेत म्हणून आपण तो ओलांडून जातो. नहेम्याच्या पुढारपणाखाली यरुशलेमची पडलेली भिंत कुणी कुठून कुठपर्यंत बांधली, त्याची ती यादी आहे. त्यात सोनार आहे, अत्तर करणारा आहे. शल्लूम आपल्या मुलींना घेऊन आलाय. बऱ्याच जणांच्या वाट्याला आपल्याच घरासमोरचा तुकडा आलाय. तकोवा गावच्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांच्या सरदारांनी कामाला खांदा लावला नाही, असं पाचव्या वचनात स्पष्ट नोंदवलंय. पण सत्ताविसाव्या वचनात तेच तकोवाचे लोक आणखी एक भाग बांधताना दिसतात! वरचे हात झटकून बसले तरी खालच्यांनी आपला वाटा पुरा केला आणि वर दुसरा उचलला.

आपल्याच शहराचं बघा. हिस्लॉप कॉलेजचं नाव नागपुरात कुणाला ठाऊक नाही? स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून इथे मिशनरी म्हणून आले. शाळा चालवली, उपदेश केला, आणि त्यातून वेळ काढून या भागातले दगड, जीवाश्म तपासले. गोंडांच्या चालीरीती टिपल्या, त्यांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथा उतरवून घेतली. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या नाल्यात त्यांचा अंत झाला. गोंडांवरचं लिखाण अपुरंच राहिलं. रिचर्ड टेंपल यांनी ते संपादून 1866 मध्ये छापलं. कॉलेज निघालं 1883 मध्ये, त्यांच्यामागे वीस वर्षांनी. कॉलेजला नाव मिळालं यापेक्षा मला मोठं वाटतं ते हे, की त्यांची टिपणं दुसऱ्याच्या हाती पडल्यावर उपयोगी ठरली. आमच्याकडे नोंद अशीच लिहावी लागते. सकाळी येणाऱ्या सिस्टरला तुम्हाला फोन करून विचारावं लागलं, तर ती नोंद कच्ची.

तुमच्यात कुणी एमपीएससी देताय, कुणी मिहानच्या कंपन्यांत कंत्राटावर आहात, कुणी घरोघरी पेशंट सांभाळता. थकवा येणारच. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात तेच आहे. लोक म्हणतात, ओझी वाहणाऱ्यांचं बळ सरलंय, मलबा तर अजून ढीगभर पडलाय. त्यात बाहेरून हल्ल्याची भीती. नहेम्या त्यांच्यावर खेकसला नाही. प्रभूचं स्मरण करा, असं त्यानं सांगितलं, आणि कामाची वाटणीही बदलली: अर्धे बांधतील, अर्धे भाले घेऊन उभे राहतील. भिंत 52 दिवसांत उभी राहिली ती अशी. वॉर्डात आम्ही याला पाळी म्हणतो. सलग उभी राहणारी सिस्टर कितीही भाविक असली, तरी शेवटी तिच्या हातून चुकीचं इंजेक्शन जाणारच.

म्हणून थकला असाल तर शेजारच्याला सांगा, लपवू नका. चहानंतर मी इथेच पुढच्या बाकावर बसणार आहे. नर्सिंगच्या मुलींनी आपापलं ड्यूटीचं वेळापत्रक घेऊन या. आधी प्रार्थना करू, मग कुणाची रात्रपाळी कुणाशी बदलता येते ते बघू.