सगळा खेळ टोकाचा

श्रोतेहो, नमस्कार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माणूस घरी आलं, की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. लेन्स कुठली बसवली? कितीला पडली? सारसबागेत सकाळी फिरायला येणारे दोन आजोबा लेन्सच्या किमतीवरून एकमेकांवर कुरघोडी करताना मी या कानांनी ऐकलेत. पण ती लेन्स आत घातली कशानं, गढूळ झालेलं भिंग बाहेर काढलं कशानं, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज मी हत्यारांबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. नोकरी सगळी डोळ्यांच्याच थिएटरमध्ये झाली, ट्रे लावण्यात आणि ट्रे मोजण्यात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. डोळ्याच्या हत्यारात सगळा खेळ टोकाचा. दांडा तीन बोटांत धरायला असतो, काम करतं ते शेवटचं एक-दोन मिलिमीटर. आपला डोळा पुढून मागे मोजला तर साधारण २४ मिलिमीटर. त्याची पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी अर्धा मिलिमीटर जाड. एवढ्याशा जागेत जायचं, काम करायचं, आणि शेजारच्या कशालाही धक्का न लावता बाहेर यायचं.

सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूसाठी जी शलाका सांगितली आहे ती यवमुखी, म्हणजे टोकाला जवाच्या दाण्याच्या आकाराची. तिथेही टोकाचाच विचार. मोबाइलवर हल्ली फिरतं की सुश्रुत आजच्यासारखंच ऑपरेशन करत होते. तसं नाही. त्या शलाकेनं गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचे, ते डोळ्यातच राहायचं. पण त्या काळात तेवढा विचार केला होता हेच केवढं मोठं आहे. त्याला फुगवून कशाला सांगायचं?

हत्यारं धुण्याचीही एक रीत असते. टोकाला टोक लागता कामा नये. प्रत्येक टोकावर सिलिकॉनची बारीक टोपी, प्रत्येकाला ट्रेमध्ये स्वतःची खाच. कापडाची कात्री कुणी दुधाच्या पिशवीला लावली की घरात जो आरडाओरडा होतो, तो थिएटरमध्ये मी करायचे. फरक इतकाच, की माझी कात्री व्हॅनास होती, डोळ्याच्या ऑपरेशनची इवलीशी कात्री. तिची पाती मला भिंगाखालीच नीट दिसायची.

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती सांगते. कार्यक्रमाच्या निर्मात्या मला म्हणाल्या होत्या, ताई, माहिती जास्त द्या, गोष्टी कमी. बघू या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये एक पायरी असते, तिला आम्ही रेक्सिस म्हणतो. डोळ्यातल्या भिंगाभोवती एक पातळ पिशवी असते. तिच्या पुढच्या पापुद्र्याला साधारण ५ मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं, त्यातून गढूळ भिंग काढायचं आणि त्याच पिशवीत नवी लेन्स ठेवायची. हे भोक कापत नाहीत, फाडतात. चिमट्यानं पापुद्र्याची कड धरून गोल ओढत न्यायची. पापुद्रा किती जाड? एका मिलिमीटरचे सत्तर भाग करा, त्यातला एक. चिमटा मधेच सुटला तर चीर भलतीकडे पळते आणि पिशवी फाटते. या चिमट्याचं नाव युट्राटा. लक्षात आलं ना? सगळा खेळ टोकाचा.

तर एकदा असं झालं, दुसऱ्या दिवशी शिबिराचे पेशंट होते. मुळशी, वेल्हे भागातली म्हातारी माणसं दुपारीच वॉर्डात येऊन बसली होती. मी ट्रे तपासत होते. प्रत्येक चिमटा दिव्यासमोर धरायचा, टोकं मिटवायची आणि मधून उजेड दिसतो का बघायचं, ही माझी सवय. युट्राटा धरला, तर उजेड दिसला. नवीन आलेल्या मुलीनं टोपी न घालता तो ट्रेमध्ये ठेवला होता. दुसरा युट्राटा दुरुस्तीला मुंबईला गेलेला. दुकानात फोन केला तर म्हणाले, आठ दिवस लागतील.

माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नारायण पेठेत एक घड्याळं दुरुस्त करणारे काका बसायचे. मी चिमट्याची डबी रुमालात गुंडाळली आणि सरळ त्यांच्याकडे गेले.

म्हटलं, "काका, एक चिमटा सरळ करून हवा होता."

मान वर न करता म्हणाले, "चिमटे बोहरी आळीत मिळतात."

"डोळ्याच्या ऑपरेशनचा आहे."

मग मान वर झाली. हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं, त्यावर काचेचं झाकण घातलं. त्यांची ती काळी भिंगाची डबी डोळ्याला लावून त्यांनी युट्राटा बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला.

"यानं धरता काय?"

"पापुद्रा."

"किती जाड?"

मी सांगितलं. त्यावर काही आश्चर्य वगैरे नाही. केसापेक्षा बारीक स्प्रिंगा रोज हाताळणारा माणूस तो.

"उचलता का ओढता?"

श्रोतेहो, या प्रश्नावर मी चाटच पडले. शिकाऊ डॉक्टरसुद्धा हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारत नाहीत. मी म्हटलं, "गोल ओढत नेतात."

"मग पुढची टोकं आधी टेकायला हवीत. मागून आधी टेकली, की पुढून सुटणार. तुमचा मागून टेकतोय. वाकला आहे एकच पाय, डावा."

असं म्हणून त्यांनी खणातून स्वतःचा बारीक टोकाचा चिमटा काढला. तो बघून मला हसूच आलं, कारण अगदी तसलाच चिमटा माझ्या ट्रेमध्ये होता. त्याला आमच्याकडे ज्वेलर्स फोर्सेप्स म्हणतात. दहा-शून्य नंबरचा नायलॉनचा टाका डोळ्याला माणसाच्या केसाहून बारीक दोऱ्यानं घालतात, त्याची गाठ मारायला हा चिमटा लागतो. सोनार आणि घड्याळजी यांच्या पेटीतून तो आमच्याकडे आला आणि तसाच राहिला.

ते काम करत होते तेव्हा मी त्यांना आर्थर फोन हिप्पेल यांची हकीकत सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या जर्मन डॉक्टरनं कॉर्नियाची गोल चकती कापायला एक यंत्र केलं. त्याचं पातं घड्याळाच्या चावीवर, आतल्या स्प्रिंगवर गोल फिरायचं. हातानं फिरवलं की हात थरथरतो, चावीवर फिरलं की एकसारखं फिरतं. पुढे ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरनं, आज चेकियात असलेल्या ओलोमोत्स गावी, एका मजुराच्या डोळ्यात दुसऱ्याचा कॉर्निया बसवला. चुन्यानं दोन्ही डोळे जळले होते त्या माणसाचे. माणसाचा कॉर्निया पूर्ण जाडीनिशी बसवून तो पारदर्शक राहिल्याची ती जगातली पहिली नोंद. आणि चकती कापली ती या चावीच्या यंत्रानं.

काकांचा हात थांबला. "चावीवर फिरणारी सुरी? म्हणजे कुणा घड्याळजीनंच करून दिली असणार." आणि पुन्हा खाली बघून कामाला लागले. मी काही वाद घातला नाही.

चिमटा झाला. म्हणाले, "आता चाचणी कशावर घ्यायची?" मी म्हटलं, "आमचे शिकाऊ डॉक्टर टोमॅटोच्या सालीवर हात बसवतात." त्यांनी वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं, एक टोमॅटो टाक."

वरून आवाज आला, "कशाला?"

"डोळ्याच्या ऑपरेशनला."

वर एकदम शांतता. मग काकू स्वतःच खाली आल्या, टोमॅटो आणि कांदा दोन्ही घेऊन. काकांनी टोमॅटोची साल नाकारली, जाड आहे म्हणाले. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला तो पातळ पडदा असतो ना, तो काढला, काचेवर पसरला आणि युट्राटानं धरून गोल ओढत नेला. गोल काही गोल झाला नाही, बटाट्यासारखा झाला. पण चिमटा एकदाही सुटला नाही. काकू म्हणाल्या, "जमलं नाही वाटतं." काका म्हणाले, "माझं काम चिमट्याचं. गोल डॉक्टर काढतील."

पैसे त्यांनी घड्याळ साफ करण्याचे घेतले तेवढेच घेतले, आणि पावती दिली : चिमटा, टोक जुळवणे, नग १. त्या पावतीवरून आमच्या अकाउंट्सवाल्यांनी मला जे छळलं, तो वेगळा कार्यक्रम होईल.

परत येऊन मी युट्राटा मायक्रोस्कोपखाली पाहिला, डॉक्टरांना दाखवला, मग धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, घातला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून यादी सुरू झाली. थिएटरमध्ये डॉक्टर हत्याराबद्दल काही बोलले नाहीत, की समजायचं हत्यार चांगलं आहे. दुपारपर्यंत युट्राटाबद्दल एक शब्द निघाला नाही.

आज असं कुणी करू नये बरं का. आता दुरुस्तीची रीतसर व्यवस्था असते, नोंदी असतात, आणि असाव्यातच.

वेळ बराच गेला. बाकीच्या ट्रेंकडे झरझर जाते. मोतीबिंदू काढण्याचं आजचं मुख्य यंत्र फेको. त्याची पोकळ सुई सेकंदाला हजारो वेळा थरथरते, भिंगाचा चुरा करते आणि ओढून घेते. १९६७ साली चार्ल्स केलमन या अमेरिकी डॉक्टरनं ते आणलं, आणि कल्पना सुचली ती दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, दातावरचं किटण काढणारं यंत्र बघून. हे लेझर नाही. पुन्हा सांगते, फेको म्हणजे लेझर नाही, ती ध्वनिलहरींची थरथर आहे. "आमच्या यांचं लेझरनं झालं" असं सांगणाऱ्या बहुतेकांचं फेकोनं झालेलं असतं. काचबिंदूच्या ट्रेमध्ये केलीचा पंच असतो, पाण्याला वाट करून द्यायला बारीक तुकडा काढणारा. तिरळेपणाच्या ट्रेमध्ये स्नायूखालून घालायचा हुक आणि मिलिमीटर मोजायचं कॅलिपर. डोळ्यातून सतत पाणी येतं त्यांच्या अश्रूनलिकेच्या ऑपरेशनला नाकाजवळचं हाड काढावं लागतं, त्याला केरिसनचा पंच. डोळ्याच्या थिएटरमध्ये हाड तुटल्याचा आवाज आला की नव्या मुली दचकतात. आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, ऑपरेशनचा कटर अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून आत जातो आणि डोळ्यातली जेली कापून ओढून घेतो. त्याचे पहिले प्रयोग रॉबर्ट माखेमर यांनी अंड्यातल्या पांढऱ्यावर केले होते.

भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांतल्या भावांना मात्र थोडं रागावून सांगायचं आहे. ग्राइंडरवर काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण जातो आणि शेजारचा मित्र रुमालाच्या टोकानं तो काढायला बघतो. आम्ही तो कण बारीक सुईनं, मायक्रोस्कोपखाली काढतो, आणि आत घुसला असेल तर चुंबकाचं हत्यार लागतं. मित्राच्या रुमालाला मायक्रोस्कोप नसतो. गॉगल घाला. हेल्मेटवरून भांडणाऱ्या शहरात हे सांगून काय उपयोग म्हणा, तरी सांगते.

शेवटची सूचना घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांसाठी. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी देतात. ही गोळी घेणाऱ्यांची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी राहत नाही, बुबुळाचा पडदा लुळा पडतो आणि हत्याराच्या वाटेत येतो. आधी माहीत असेल तर आम्ही ट्रेमध्ये बुबुळ धरून ठेवणारे बारीक हुक किंवा रिंग तयार ठेवतो. आयत्या वेळी कळलं, की धावपळ होते. लघवीची गोळी आहे, डोळ्याच्या डॉक्टरला काय सांगायचं, असं म्हणून बरेच जण सांगत नाहीत, सुनेसमोर तर नाहीच नाही. गोळी पूर्वी घेत होतात आणि आता बंद केली असेल, तरीही सांगायचं. आणि ऑपरेशन आहे म्हणून आपल्या मनानं ती बंद करायची नाही. बोलायला संकोच वाटत असेल तर गोळीची रिकामी पट्टी खिशात घेऊन या आणि सिस्टरच्या हातात द्या.

नमस्कार.