समेवरचा कट

(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

गाण्याच्या व्हिडिओच्या संकलनाचे तुमचे पहिले कच्चे कट, म्हणजे शॉट जोडून केलेले पहिले मसुदे, मी पाहिले. गाणं सगळ्यांना एकच दिलं होतं, आणि बहुतेकांनी चूकही एकच केली आहे. ठोका पडला की कट, म्हणजे शॉट बदलला, पुन्हा ठोका, पुन्हा कट. मी शिकत होतो तेव्हा हेच करायचो, त्यामुळे रागावण्याचा अधिकार मला नाही. पण हे का होतं ते बघू.

या गाण्याची लय मिनिटाला १०० ठोक्यांची आहे. म्हणजे एक ठोका ०.६ सेकंदाचा, आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या (म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या) टाइमलाइनवर बरोबर १५ फ्रेमचा. चार ठोके म्हणजे ६० फ्रेम. गणित सोपं आहे, आणि तिथेच आपण फसतो. ठोक्यांवर मार्कर, म्हणजे खुणा, टाकायचे, मार्करवर कात्री चालवायची, झालं काम. लय १२० असती तर ठोका साडेबारा फ्रेमचा आला असता. अर्धी फ्रेम काही कापता येत नाही, मग निदान एकदा १२ की १३ याचा विचार करावा लागला असता.

ठोक्यावरचे कट पहिली वीस सेकंदं छान वाटतात. मग डोळ्याला सवय होते. पुढचा कट कधी येणार हे बघणाऱ्याला कळलं की तो बघायचं थांबतो, नुसता समोर बसून राहतो.

तबल्याची साथ आठवा. तीनतालात १६ मात्रा, सम पहिलीवर, खाली, म्हणजे टाळी न देता मोजायची मात्रा, नववीवर. चांगला वादक प्रत्येक समेवर थाप देऊन ‘बघा, आलो’ असं सांगत नाही. तो समेला हुलकावणी देतो, आडून जातो, दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे दोन पूर्ण फेरे, लटकत ठेवतो आणि मग अशी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला एकच तुकडा, टाकतो की शेवटचा धा नेमका समेवर पडतो. मान डोलते ती तेव्हा. संकलनातही तिहाई करता येते: सारख्या लांबीचे तीन तुकडे, तिसऱ्याचा शेवट समेवर, आणि तिथे एकदम मोठा, स्थिर शॉट. फक्त ती गाण्यात एकदा घ्या, फार तर दोनदा.

दुसरं म्हणजे ठोका नेहमी कटलाच का द्यायचा? तो हालचालीला देता येतो. नर्तकीचं पाऊल जमिनीवर टेकतंय, तिथे ठोका जाऊ द्या. कट त्याच्या आधी किंवा नंतर घ्या. आणि ठोक्यावरच कापायचं असेल तर एखाद-दोन फ्रेम आधी कापून पाहा. नवं चित्र आलं की त्यात कुठे बघायचं हे शोधायला डोळ्याला थोडा वेळ लागतो. तो वेळ आधीच दिला तर कट ठोक्यावर ‘बसला’ असं वाटतं. हा काही नियम नाही. माझ्या हाताला लागलेली सवय आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं करायला शॉट कुठे आहेत? खरं आहे. तुमच्यापैकी काहींनी मुखडा एकदाच घेतलाय, तोही लाँग शॉटमध्ये. म्हणून शूटिंगबद्दल बोलतो.

आधी संपूर्ण गाणं एका दमात, लांबून. मग तेच मध्यम अंतरावरून, मग क्लोजअपमध्ये. तुकडे त्यानंतर. प्रत्येक टेकला प्लेबॅकच्या, म्हणजे सेटवर वाजवायच्या ध्वनिमुद्रित गाण्याच्या, सुरुवातीला तीन टिकटिक असू द्या आणि कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा. तो आवाज अंतिम व्हिडिओत वापरायचा नाही, पण संकलनाच्या टेबलावर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, जुळवायला तोच लागतो. सगळे टेक मूळ गाण्याखाली एकावर एक रचले की कुठल्याही ओळीला कुठलाही कोन हाताशी येतो.

स्पीकर गाणाऱ्याच्या जवळ ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गायक ३४ मीटरवर असेल, तर गाणं त्याच्यापर्यंत ०.१ सेकंद उशिरा पोहोचतं. म्हणजे अडीच फ्रेम. ओठ मागे पडतात, आणि दोष गायकाला मिळतो.

आणि त्याला खरोखर गायला लावा. मोठ्याने. ओठ हलवून भागत नाही. माझ्या पहिल्या गाण्याच्या वेळी गायक लाजत होता. मी समजूतदारपणा दाखवून म्हटलं, ‘राहू दे, नुसते ओठ हलव.’ पडद्यावर पाहिलं तर ओठ अगदी जुळलेले, पण गळा मेलेला. शीर ताणलेली नाही, ओळीआधी श्वास घेतलेला नाही. वरच्या सुराला माणूस खांदे उचलतो, तेही नाही. वादकांचंही तसंच. बोटं चुकीच्या पट्टीवर असली तर सामान्य प्रेक्षक सोडून देईल, पण वाजवणारा माणूस तुम्हाला माफ करणार नाही. ही लटक्या गाण्याची कला टीव्हीपेक्षा जुनी आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत नाणं टाकून गाण्याच्या छोट्या फिती दाखवणारी यंत्रं होती. त्या फितींसाठीही गाणं आधी ध्वनिमुद्रित व्हायचं, आणि कलाकार नंतर कॅमेऱ्यासमोर त्यावर ओठ हलवायचे.

केस संथ उडताहेत, पण ओठ गाण्याशी जुळलेत, हे कसं करतात असं एकीने विचारलं होतं. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्याच वेगाने गायचं आणि कॅमेरा ५० फ्रेमवर चालवायचा. ते चित्र २५ वर लावलं की वेग निम्मा होतो. ओठ मूळ गाण्यावर येतात आणि बाकी सगळं तरंगू लागतं. सेटवर मात्र हे फार हास्यास्पद दिसतं, तेव्हा गायकाला आधी कल्पना द्या.

मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांसाठी एक इशारा. बरेच फोन फ्रेमची गती स्थिर ठेवत नाहीत. अंधार वाढला की ती घसरते. मग सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटच्या अंतऱ्यात सुटतात आणि तुम्ही रात्रभर तुकडे सरकवत बसता. गती कुलूपबंद करणारं अॅप वापरा, नाहीतर संकलनाआधी फुटेज स्थिर गतीत बदलून घ्या. बाकी लेन्स, प्रकाश वगैरे पुढच्या वेळी. त्याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे असं तुमचे चेहरे सांगताहेत.

आता तुमचे कट बंद करा. मी गाणं पुन्हा लावतो, चित्राशिवाय. कागदावर आडवी रेघ ओढा आणि जिथे कापावंसं वाटेल तिथे नाही, जिथे अजिबात कापू नये असं वाटेल तिथे खूण करा. कोणत्या ओळीत श्वास लांबतो, कुठे गायक थांबतो आणि फक्त तंबोरा उरतो, ते ऐका. मग दुसऱ्यांदा लावेन, तेव्हा शेजाऱ्याच्या खुणा बघायच्या. फोन पालथे ठेवा. मागचा दिवा कोणीतरी बंद करा.